दिंडोरीची तांबडी वारुणी

यंदाच्या माघ महिन्यांत आमच्या बोरीवलीच्या बिऱ्हाडांत एक पेंच उभा राहिला. आमच्या थोरल्या बंधूंचा नातू सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी घेऊन वर्षभर घरीं बसला होता. त्यास एके दिवशीं नोकरीचें पत्र आलें. नोकरी प्रयोगशाळेंतील, वेतन बरें, राहण्याची सोय तेथेंच. परंतु ही प्रयोगशाळा होती नाशिक जिल्ह्यांतील दिंडोरी तालुक्यांत, द्राक्षांपासून तांबडी वाइन करणाऱ्या एका कारखान्याची. दादांनीं पत्र वाचलें, घडी घालून परत दिलें व म्हणाले, “नातवास भट्टीवर धाडायचें असेल तर खुशाल धाडा. माझ्या पंक्तीला मात्र त्याचें पान मांडूं नका.”

नऊ माणसांच्या या घरांत दादांच्या शब्दापुढें सहसा कोणी बोलत नाहीं. त्या दिवशीं वहिनी बोलल्या. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यांतूनच त्यांनीं विचारलें, “मागल्या वर्षीं आजारांतून उठल्यावर महिनाभर दोन्ही वेळां जेवणानंतर चार चार चमचे काय घेत होतां?” तें द्राक्षासव होतें. बाटली अजून फडताळांत होती. सूनबाईंनीं ती आणून तिच्यावरील बारीक अक्षरें वाचलीं, तों स्वयंजनित मद्यार्काचें प्रमाण तेथें छापलेलें! दादा उठून गॅलरींत गेले. रात्रीं आम्हांस जवळ बोलावून म्हणाले, “तूं संस्कृत शिकलास. तूं जा, डोळ्यांनीं पाहून ये, आणि मग काय तें सांग.”

आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. पुढें पाठशाळेंत जें कांहीं संस्कृत झालें त्या भांडवलावर पस्तीस वर्षें वर्गांत उभे राहिलों. अशा माणसाची पहिली धांव पुस्तकाकडे असणार हें उघड आहे. म्हणून गाडीचें तिकीट काढण्यापूर्वीं आम्हीं कपाट उघडलें.

वाचकांस नवल वाटेल, परंतु उंच प्रदेशांतील द्राक्षमद्याची कीर्ति आपल्या व्याकरणांत कोरून ठेवलेली आहे. पाणिनीच्या चौथ्या अध्यायांत ‘कापिशी’ या नगरीच्या नांवाला एक स्वतंत्र प्रत्यय सांगितला आहे. त्या प्रत्ययानें ‘कापिशायन’ हा शब्द सिद्ध होतो, आणि त्याचें उदाहरण म्हणून वैयाकरण तेथील मधु व तेथील द्राक्ष हीं दोनच देतात. कापिशी म्हणजे आजचें काबूलच्या उत्तरेचें बेग्राम; समुद्रसपाटीपासून सुमारें १५०० मीटर उंच. कौटिल्यानेंहि सुराध्यक्षाच्या प्रकरणांत ‘मधु’ म्हणजे द्राक्षरसाचें मद्य असें स्पष्ट सांगून तें ज्या प्रदेशांत होतें त्या प्रदेशावरून ओळखलें जातें असें म्हटलें आहे. त्यांत कापिशायनाचें नांव आहे. मद्यास त्याच्या भूमीचें नांव द्यावें ही चाल फ्रेंचांची, असें हल्लींचीं पुस्तकें सांगतात. आमच्या मतें त्यांनीं अर्थशास्त्र उघडून पाहावें.

धर्मशास्त्राचा भाग कटु आहे, पण तो लपवून चालणार नाहीं. गुळाची गौडी, पिठाची पैष्टी व मधूची माध्वी असे सुरेचे तीन प्रकार मनूनें सांगितले. क्षत्रिय-वैश्यांस पैष्टी तेवढी वर्ज्य, ब्राह्मणास मात्र सर्व मद्यें वर्ज्य, असा पुढील निबंधकारांचा कौल आहे. भारतरत्न पांडुरंग वामन काणे यांनीं आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासांत हा सारा ऊहापोह केला आहे. ब्राह्मणानें जें विकूं नये त्या पदार्थांतहि मद्य येतें. तेव्हां शास्त्राचा आधार घेऊन मुलाची बाजू मांडण्याची आमची आशा पहिल्या रात्रींच मावळली. उरलें तें डोळ्यांनीं पाहणें.

पहांटेची लोकल धरून आम्ही दादरला गेलों व तेथून तपोवन गाडींत बसलों. बोरीवलीहून आलेल्या माणसाला उंची म्हणजे काय हें कसाऱ्याला कळतें. तेथें गाडीच्या पाठीमागें जादा एंजिनें लागतात व तीं तिला थळघाटांतून वर ढकलतात. ३७ फूट पुढें गेल्यावर १ फूट वर, असा हा चढ आहे. १८६५ सालीं तो वाहतुकीस खुला झाला. आमच्या खाडीकांठच्या गांवाची उंची समुद्रापेक्षां कांहीं हात जास्त एवढीच. इगतपुरीला आपण सुमारें ६०० मीटरांवर असतों. खिडकींतून आंत येणारा वारा बदलला, मानेवरचा चिकटपणा गेला, आणि समोरच्या बाकावरील बाईंनीं मुलाच्या कानांवर टोपी ओढली.

या सहाशें मीटरांतच सर्व मर्म आहे. दर १०० मीटर चढल्यावर हवा साधारण अर्ध्या-पाऊण अंशानें थंड होते. म्हणजे नाशिकचें पठार कोंकणाहून सुमारें चार अंश थंड. शिवाय समुद्र दूर, हवा कोरडी, म्हणून दिवसाची उष्णता रात्रीं आकाशांत निघून जाते. माघांत दुपारीं पारा तिशीला जातो व पहांटे दहाच्या आसपास उतरतो. निफाडजवळ कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रांत तर तो चार-पांच अंशांवर आल्याच्या बातम्या दर हिवाळ्यांत येतात. द्राक्षाला असेंच हवें असतें. दिवसाच्या उन्हानें मण्यांत साखर भरते. रात्र उष्ण असेल तर मण्यांतील आंबटपणा जळून जातो, थंड असेल तर टिकतो. नुसत्या गोड रसाचें मद्य बेचव होतें असें जाणते सांगतात. याहून फार उंच प्रदेशांत सूर्यकिरणांतील जंबुपार अंश वाढतो, त्यापासून स्वतःला राखण्यासाठीं फळ आपली साल जाड व गडद करतें, आणि तांबड्या मद्याचा रंग सालींतूनच येत असल्यामुळें तेथील मद्य काळेंभोर होतें.

उंचीचा प्रश्न निघालाच आहे तर अहंकार जरा आवरलेला बरा. अर्जेंटिनांतील साल्ता प्रांतांत ३१११ मीटरांवर द्राक्षमळा आहे. चीनच्या युन्नान प्रांतांत, तिबेटच्या सीमेजवळ, २२०० ते २६०० मीटरांवरील डोंगरी गांवांतून ‘आओ युन’ या नांवाची तांबडी वाइन निघते. तिचा पहिला हंगाम २०१३ चा. आपल्या देशांत काश्मीरनें गेल्याच्या गेल्या शतकांत महाराजा रणबीरसिंग यांच्या काळीं फ्रान्सहून वेली आणून दल सरोवराकांठीं गुपकार येथें मद्य केलें होतें. वॉल्टर लॉरेन्स यांच्या १८९५ च्या ग्रंथांत त्याची हकीकत आहे. वेलींच्या मुळांवरील किडीनें तो उद्योग खालावला. कर्नाटकांत नंदी टेकड्यांच्या पायथ्याचे मळे नऊशें मीटरांच्या घरांत आहेत. त्या मानानें आमचें दिंडोरी बुटकेंच. महाराष्ट्रांत याहून उंच महाबळेश्वर आहे; पण तेथें पावसाळ्यांत पांच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, त्यांत वेल कुजून जाईल. नाशिकची खरी मौज अशी कीं येथें उंची आहे आणि पाऊस नाहीं. इगतपुरीला तीन हजार मिलिमीटरांवर पाऊस, आणि तेथून पंचेचाळीस किलोमीटरांवर नाशिकला सातशेंच्या आसपास! सह्याद्रि ढग अडवितो, आणि त्याच्या पाठीशीं हा सुका, थंड, काळ्या दगडाचा प्रदेश पडून आहे.

या पठारावर द्राक्ष नवें नव्हे. चौदाव्या शतकांत इब्न बतूता दौलताबादेस आला तेव्हां तेथें द्राक्षें व डाळिंबें वर्षांतून दोनदां येतात असें त्यानें लिहून ठेवलें. अलीकडील इतिहास १९२५ पासून सांगतात. त्या सालीं ओझरच्या रावसाहेब जयराम कृष्णा गायकवाड यांनीं बाग लावली. पुढें भोकरी, फकडी, साहेबी या जुन्या जाती गेल्या, अनाबेशाही आली, मग बिनबियांची थॉमसन आली व तिच्यांतून तास-ए-गणेश, सोनाका या आपल्या शेतकऱ्यांनींच निवडलेल्या जाती निघाल्या. हें सर्व खाण्याचें द्राक्ष. वाइनचें द्राक्ष निराळें आणि बरेंच नवें. पुणें जिल्ह्यांत नारायणगांवास शामराव चौगुले यांनीं १९८० नंतर फेसाळ वाइन करून परदेशीं पाठविली, तिचें नांव ‘ओमर खय्याम’. नाशिकला गंगापूर धरणाजवळ राजीव सामंत यांनीं १९९७ सालीं वाइनच्या वेली लावल्या आणि २००० सालीं ‘सुला’ची पहिली वाइन बाजारांत आणली, हें नांव त्यांच्या मातोश्री सुलभा यांच्या नांवावरून घेतलें. २००१ सालीं राज्य सरकारनें द्राक्षप्रक्रिया उद्योगाचें धोरण काढलें, विंचूरला खास वसाहत वसविली, आणि मग एकामागून एक कारखाने उभे राहिले. ‘नाशिक व्हॅली वाइन’ या नांवाला भौगोलिक उपदर्शनाचें सरकारी संरक्षणहि मिळालें आहे. कौटिल्याचा कित्ता इतक्या दिवसांनीं गिरविला गेला म्हणावयाचा!

आमचा मुलगा आम्हांस घेण्यास नाशिक रोडला आला होता. दिंडोरीच्या वाटेवर दोहों बाजूंस मांडव, मध्यें पाट, आणि दूर डोंगरांची रांग. या तालुक्यांत वाघाड धरणाचें पाणी शेतकऱ्यांच्या संस्था स्वतःच आपसांत वाटून घेतात. भांडणें कमी आहेत असें गाडीवान म्हणाला, अजिबात नाहींत असें मात्र म्हणाला नाहीं.

वेल आम्हीं प्रथमच इतक्या जवळून पाहिली. युरोपांत हिवाळ्यांत बर्फ पडतें व वेल आपोआप झोपीं जाते. येथें बर्फ नाहीं, म्हणून वेल कधीं झोंपतच नाहीं. तिला कात्रीनें शिस्त लावावी लागते. एप्रिलांत खरड छाटणी करून सगळा पसारा काढतात. नव्या काड्यांवर पावसाळ्यापूर्वींच्या उन्हांत डोळे तयार होतात. मग सप्टेंबर-ऑक्टोबरांत गोडी छाटणी, आणि तिच्यानंतर फळ धरतें तें माघ-फाल्गुनांत पिकतें. म्हणजे छाटणी दोनदां आणि पीक एकदां. इब्न बतूतानें पाहिलेलीं दोन पिकें आज दुसरी छाटणी साधून एकच केलीं आहेत, असा आमचा तर्क. शेतकीखात्यास विचारलेलें नाहीं.

‘शिराझ’ हें तेथील मुख्य तांबडें द्राक्ष. नांव ऐकून आम्हांस हाफीजच्या नगरीची आठवण झाली व आम्हीं मुलापुढें छोटेंसें व्याख्यानहि झोडलें. त्यानें तें आदरानें ऐकून घेतलें, मग म्हणाला, “आजोबा, १९९८ सालीं वंशपरीक्षा झाली. तिचे आईबाप दोन्ही आग्नेय फ्रान्समधले निघाले. इराणशीं कांहीं संबंध नाहीं.” पस्तीस वर्षें शिकविल्यावर असा प्रसंग आला कीं बरें वाटतें आणि थोडें वाईटहि वाटतें.

मणी वाटाण्याएवढा, निळाकाळा, सालीचा जाड आणि बियांनीं भरलेला. बाजारांत कोणी घेणार नाहीं असा. पिकल्यावर शंभर भागांत तेवीस-चोवीस भाग साखर झाली कीं पहांटेच्या गारव्यांत घड उतरवितात, देंठ वेगळे करून मणी चेंचतात, आणि रस, साल, बी सर्व एकत्र पोलादी टांकींत सोडतात. पांढऱ्या वाइनला साल आधींच काढून टाकतात. तांबडीला ती आठवडा-दीड आठवडा रसांतच ठेवतात, कारण आंतला गर पांढराच असतो. किण्वाचे जंतु साखर खातात, तिचा मद्यार्क होतो, आणि अंगारवायु वर येतो. त्याबरोबर साली उचलून वर येतात व त्यांचा जाड थर होतो. तो थर दिवसांतून दोन-तीनदां पुन्हां खालीं बुडवावा लागतो. शेवटीं शंभरांत तेरा भाग मद्यार्क उरतो. मग रस गाळून ओक लांकडाच्या पिपांत महिनोन्महिने निजवितात. एका बाटलीला किलोभर द्राक्षें लागतात. आमच्या द्राक्षासवांत किण्वासाठीं धायटीचीं फुलें घालतात, येथें निवडून वाढविलेले जंतु घालतात; तत्त्व एकच. फरक मात्रेचा व हेतूचा, आणि तो लहान नाहीं.

मुलाचें काम दररोज टांक्यांतून नमुने काढून साखर, आम्ल व उष्णता मोजण्याचें. “चव घ्यावी लागते कां?” आम्हीं विचारलें. तो लाजला नाहीं. “वीस-तीस नमुने तोंडांत घेतों आणि थुंकून टाकतों. गिळलें तर काम कसें होणार?” पिपांच्या खोलींत त्यानें पेल्यांत थोडी वाइन ओतून आमच्यापुढें धरली. आम्हीं ती चाखली नाहीं. वास मात्र घेतला. पिकलेल्या जांभळांचा वास, त्यामागें मिऱ्याचा. मिऱ्याचा वास आम्हांस भास वाटला, पण मुलगा म्हणाला कीं शिराझची तीच खूण आहे.

मुक्कामास आम्ही निफाड तालुक्यांत गेलों. नोकरीचीं पहिलीं सहा वर्षें आमचीं त्या बाजूस गेलीं होतीं व तेथील एक जुना विद्यार्थी आज मोठा बागाईतदार आहे. त्यानें जें सांगितलें तें ऐकूनच आम्ही हा लेख लिहावयास बसलों. २००६ सालीं एका कंपनीनें गांवोगांव फिरून करार केले. वाइनच्या वेली लावा, आम्ही सर्व माल उचलतों. त्यानें चांगली लागती खाण्याची बाग तोडून दोन एकरांत शिराझ लावली. पहिलें पीक उचललें गेलें. मग २००८ चें जागतिक मंदीचें वर्ष आलें, नोव्हेंबरांत मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलें ओस पडलीं, आणि २००९ च्या हंगामांत त्याचे घड तयार असतां कंपनीचा माणूस फिरकला नाहीं. “गुरुजी, खायचें द्राक्ष असतें तर हातगाडीवर तरी विकलें असतें. हें कोण खाणार? बेदाणा होत नाहीं. शेळ्यांना घातलें.” पुढल्या वर्षीं त्यानें कुऱ्हाडीनें बाग तोडली. त्या वर्षांत जिल्ह्यांतील पुष्कळ शेतकऱ्यांनीं तेंच केलें. बँकेचें कर्ज फिटेपर्यंत खाण्याची बाग उभी राहिली, तों २०१४ च्या फाल्गुनांत गारपीट झाली.

“आतां?” आम्हीं विचारलें. त्यानें घरामागें नेऊन दाखविलें. अर्धा एकर शिराझ पुन्हां लावली होती. करार निराळ्या कारखान्याशीं, भाव आधीं ठरलेला, निम्मे पैसे छाटणीच्या वेळीं. “वाइनच्या द्राक्षाला फुगवण करावी लागत नाहीं, रंगरूपाची कटकट नाहीं. आणि गारा पडल्याच, तर अर्धा एकरच जाईल.” भुरी आणि केवडा या दोन रोगांचीं नांवें तो घरच्या सोयऱ्यांचीं घ्यावींत तशीं घेत होता. तो स्वतः माळकरी. आयुष्यांत थेंब घेतलेला नाहीं.

कायद्याची बाजू थोडक्यांत सांगतों. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखालींच आजहि महाराष्ट्रांत सर्व चालतें. पिणाऱ्याजवळ परवाना असावा असें तो कायदा म्हणतो, आणि किती जणांजवळ असतो हें वाचकांनींच ठरवावें. २७ जानेवारी २०२२ रोजीं मंत्रिमंडळानें मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकूं देण्याचा ठराव केला. शेतकऱ्यांचें हित पुढें केलें गेलें, अण्णा हजारे यांनीं उपोषणाचा इशारा दिला, ठराव अडला. आमच्या मतें ठराव अडला हें ठीक झालें. डाळ-तांदुळांच्या शेजारीं ती बाटली नको. तांबडी वाइन हृदयास हितकर अशी समजूत पसरली आहे, तिलाहि आधार उरलेला नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें जानेवारी २०२३ मध्यें मद्याचें कोणतेंहि प्रमाण निर्धोक नाहीं असें स्पष्ट सांगितलें. परंतु शेतकऱ्याच्या अर्ध्या एकराचें काय, हा प्रश्न आम्हांस त्या दिवसापासून सोडीत नाहीं, आणि त्याचें उत्तर आमच्या कपाटांतील एकाहि पुस्तकांत नाहीं.

घरीं परतलों तेव्हां दादा जागे होते. आम्हीं शास्त्राचा कौल जसा होता तसा सांगितला, कांहीं झांकलें नाहीं. मग वेलींचें, टांक्यांचें, शेळ्यांना घातलेल्या घडांचें सांगितलें. मुलानें कागदांत बांधून दिलेला शिराझचा एक घड पिशवींत होता. दादांनीं एक मणी तोंडांत टाकला, बराच वेळ चावला, आणि म्हणाले, “गोड आहे. पण बिया फार.”

“तो स्वतः पितो कां?” त्यांनीं नंतर विचारलें.

“थुंकतो,” आम्ही म्हणालों.

पाडव्याला मुलगा एक दिवसाची रजा घेऊन आला. हंगाम नुकताच उरकला होता. नखांच्या कडा अजून जांभळ्या होत्या. पानें मांडण्याच्या वेळीं वहिनी कोणास कांहीं न विचारतां थांबल्या. दादांनीं पाटांची रांग पाहिली, एक पाट स्वतः उचलून आपल्या डाव्या हाताशीं ठेवला, आणि मुलाला विचारलें कीं तेथें थंडी फार असते म्हणतात, तर पांघरायला जाड कांहीं आहे कीं नाहीं.